दृष्टी आणि दाम : इब्नुल हैसम (रह.) यांचे जीवन



इस्लामी इतिहासातील ज्या विद्वानांची नावे आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो, त्यांत अबू अली अल-हसन इब्नुल हैसम (रह.) यांचे नाव अग्रभागी असते. नाव घेतले जाते. जीवन मात्र क्वचितच सांगितले जाते. ते आज आपणासमोर ठेवण्यास एक निमित्त घडले. निमित्त लहानसे आहे. दुर्बिणीच्या एका भिंगाचे आणि त्याच्या किमतीचे आहे. परंतु त्या निमित्ताने माझीच एक चूक माझ्यासमोर उभी राहिली, म्हणून प्रथम तेच सांगतो.

अमरावतीच्या राजापेठ भागात आमच्या सायंकाळच्या मकतबमध्ये येणाऱ्या काही मुलांनी गेल्या वर्षी ईदीचे पैसे एकत्र केले आणि साडेचार हजार रुपयांना एक दुर्बीण आणली. रमजानचा चंद्र सर्वांत आधी आपणच पाहायचा, असा त्यांचा मनसुबा होता. खोक्यावर शनीचे रंगीत चित्र होते आणि ५२५ पट असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता. त्याच आठवड्यात मी एका बयानात सांगितले होते की, दुर्बीण ही मूळची आपल्या इब्नुल हैसम यांची देणगी आहे. मुले भारावून गेली होती.

मशिदीच्या गच्चीवर दुर्बीण लावली. उड्डाणपुलाचे दिवे आणि रस्त्यावरची धूळ यांतून जेवढे आकाश मिळते, तेवढ्यात चंद्र स्वच्छ होता. मात्र मुलांनी सर्वांत मोठा आकडा देणारे भिंग जोडले, तेव्हा चंद्राच्या जागी एक करडा, थरथरणारा डाग दिसला. हाताचा धक्का लागला की तोही निसटे. चार रात्री हेच घडले. पाचव्या दिवशी एका मुलाने खिन्नपणे विचारले की, खोक्यावरचे खोटे असेल, तर बयानातलेही खोटेच होते का? त्याची थोरली बहीण महाविद्यालयात विज्ञान शिकते. तिने अत्यंत अदबीने निरोप पाठविला की, इब्नुल हैसम यांनी दुर्बीण बनविल्याचे कोणत्या ग्रंथात आहे, ते मौलानांनी कृपया सांगावे.

वाचकहो, मी ग्रंथ उघडले. अरबी चरित्रकोश पाहिले. तसे कोठेही नव्हते. दुर्बीण १६०८ मध्ये हॉलंडमध्ये पुढे आली. चष्म्याची भिंगे घासणाऱ्या हान्स लिपरशे यांनी तिच्या हक्कासाठी अर्ज केला. १६०९ मध्ये गॅलिलिओ यांनी ती आकाशाकडे वळविली. इब्नुल हैसम (रह.) त्यापूर्वी सुमारे साडेपाचशे वर्षे अल्लाहच्या भेटीस गेले होते. मी ऐकीव गोष्ट खातरजमा न करता मिंबरजवळून सांगितली होती. त्यांनी खरोखर काय केले, ते आता आपण पाहू. ते इतके मोठे आहे की, त्यास उसन्या अलंकारांची गरजच नाही.

त्यांचा जन्म हिजरी ३५४ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ९६५ च्या आसपास, इराकमधील बसरा नगरीत झाला. बसरा त्या काळी व्यापाराचे आणि विद्येचे मोठे केंद्र होते. तारुण्यात त्यांच्याकडे एक शासकीय पद होते, असे चरित्रकार सांगतात. परंतु हिशेब, फर्माने आणि दरबारी हेवेदावे यांत त्यांचे मन रमले नाही. गणित, भूमिती आणि खगोल यांची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. पदातून ते मुक्त झाले आणि विद्येलाच त्यांनी आयुष्य वाहून टाकले.

त्यांची कीर्ती इजिप्तपर्यंत पोहोचली. तेथे फातिमी खलिफा अल-हाकिम यांचे राज्य होते. नाईल नदी कधी महापूर आणी, तर कधी आटून दुष्काळ आणी. आपण इजिप्तमध्ये असतो, तर नाईलच्या पाण्याचा असा बंदोबस्त केला असता की, पूर आणि टंचाई या दोन्हींत तिचा उपयोग झाला असता, असे उद्गार इब्नुल हैसम यांनी काढल्याचे खलिफाच्या कानी गेले. खलिफाने त्यांना सन्मानपूर्वक पाचारण केले आणि स्वतः कैरोच्या वेशीबाहेर येऊन त्यांचे स्वागत केले. कारागिरांचा ताफा सोबत देऊन त्यांना दक्षिणेकडे रवाना करण्यात आले.

नदीच्या काठाकाठाने ते वर जात राहिले. वाटेत प्राचीन इजिप्शियनांची मंदिरे, स्तंभ आणि शिल्पे त्यांनी पाहिली. त्या बांधकामांतील मोजमाप आणि भूमितीचे ज्ञान पाहून त्यांच्या मनात शंकेने घर केले. एवढे निष्णात लोक येथे होऊन गेले. हे काम शक्य असते, तर त्यांनी ते केलेच असते. अस्वानच्या पुढे जनादिल नावाच्या ठिकाणी ते पोहोचले, तेथील खडक आणि प्रवाह त्यांनी सर्व बाजूंनी तपासला आणि आपली योजना तेथे पार पडणार नाही, हे त्यांना कळून चुकले. त्याच अस्वानजवळ मोठे धरण उभे राहिले, ते १९७० मध्ये. मध्ये साडेनऊशे वर्षांचा काळ जावा लागला आणि यंत्रयुग यावे लागले.

आता त्या क्षणाचा विचार करा. खलिफाचा पैसा खर्च झाला होता. सोबत शेकडो डोळे होते. खलिफा लहरी म्हणून कुप्रसिद्ध होता. त्याच्या मर्जीतून उतरलेल्या कित्येकांना प्राणास मुकावे लागले होते. काही खांब उभारून, काही कालवे खोदून वेळ मारून नेता आली असती. इब्नुल हैसम यांनी तसे केले नाही. ते कैरोस परतले आणि आपला अंदाज चुकला, हे काम आपल्याच्याने होणार नाही, असे त्यांनी सरळ कबूल केले.

खलिफाने वरकरणी ते मान्य केले आणि त्यांना दिवाणातील एक पद दिले. भीतीपोटी त्यांनी ते स्वीकारले. पण टांगती तलवार कधी पडेल, याचा नेम नव्हता. अखेरीस त्यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. त्यांची मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यात देण्यात आली आणि त्यांना घरात स्थानबद्ध करण्यात आले. हिजरी ४११, म्हणजे १०२१ मध्ये अल-हाकिमचा अंत होईपर्यंत ते त्याच अवस्थेत राहिले. त्यानंतर मात्र ते पूर्ण शहाणे असल्याचे लोकांना दिसून आले. अल-अझहर मशिदीच्या दाराजवळच्या एका कक्षात त्यांनी मुक्काम केला आणि उर्वरित आयुष्य लेखन, अध्यापन आणि नकला करण्यात घालविले.

त्यांचा महान ग्रंथ म्हणजे किताबुल मनाझिर. तो सात भागांत आहे. आपल्याला दिसते कसे, हा त्याचा मूळ प्रश्न. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात. इब्नुल हैसम यांनी याउलट सिद्ध केले की, प्रकाश वस्तूवरून निघून डोळ्यात येतो, म्हणून आपणास दिसते. त्यांचा एक पुरावा तर आपण घरीच ताडून पाहू शकतो. प्रखर उजेडाकडे पाहिले की डोळा दुखतो आणि डोळे मिटले तरी त्या उजेडाची आकृती काही काळ तरळत राहते. बाहेरून काही आत आल्याशिवाय हे घडणार नाही.

ते केवळ तर्कावर थांबले नाहीत. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला छिद्र पाडून त्यातून येणाऱ्या प्रकाशाची वाट त्यांनी अभ्यासली. ग्रहणकाळी अशा छिद्रातून पडणारी सूर्याची प्रतिमा चंद्रकोरीच्या आकाराची का दिसते, यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सातव्या भागात पाणी आणि काच यांतून जाताना प्रकाश कसा वळतो, याची त्यांनी उपकरणे करून मोजणी केली. काचेच्या गोळ्यातून जाणारे सूर्यकिरण कसे एकवटतात, हाही त्यांच्या एका प्रबंधाचा विषय होता. क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा मोठा भासतो, तो आकाराने वाढत नसून आपल्या मनाच्या अंदाजामुळे तसा वाटतो, हेही त्यांनी मांडले. टॉलेमीसारख्या सर्वमान्य पंडिताच्या ग्रंथांवरील शंका त्यांनी निर्भीडपणे लिहून काढल्या. मोठ्या नावावर भिस्त न ठेवता म्हणणे तपासून घ्यावे आणि तपासताना स्वतःवरही संशय घ्यावा, ही त्यांची रीत होती. बयान करण्यापूर्वी माझ्यासारख्याने ही रीत पाळायला हवी होती.

या ग्रंथाचा पुढचा प्रवास विलक्षण आहे. सुमारे १२०० च्या सुमारास त्याचे लॅटिन भाषांतर झाले. युरोपात ते अल्हाझेन या नावाने ओळखले गेले. रॉजर बेकन आणि विटेलो यांनी त्याचा आधार घेतला. पूर्वेकडे इराणचे कमालुद्दीन फारिसी यांनी त्यावर विस्तृत टीका लिहिली. १५७२ मध्ये बासल येथे लॅटिन ग्रंथ छापला गेला आणि १६०४ मध्ये केपलर यांनी याच परंपरेवर आपले प्रकाशशास्त्र उभारले. १६११ मध्ये केपलर यांनी दोन बहिर्वक्र भिंगांच्या दुर्बिणीची रचना मांडली. म्हणून दुर्बीण इब्नुल हैसम यांनी बनविली, असे म्हणणे असत्य आहे. परंतु दुर्बीण का दिसविते, हे समजण्याची वाट त्यांनी घालून दिली, असे म्हणणे सत्य आहे. या दोन वाक्यांतील अंतर सांभाळणे, हाच त्यांचा खरा सन्मान आहे.

आता वाचकहो, त्यांच्या उपजीविकेकडे वळू या, कारण आमच्या मुलांचा प्रश्न पैशाचाही होता.

एवढा मोठा विद्वान पोट कसे भरत होता? चरित्रकार इब्नुल किफ्ती यांनी त्याची नोंद ठेवली आहे. इब्नुल हैसम दरवर्षी युक्लिडचा भूमितीग्रंथ, खगोलाकडे जाण्यापूर्वी वाचावयाचे मधले ग्रंथ आणि टॉलेमीचा अल-मजिस्ती यांची स्वहस्ते नक्कल करीत. या प्रतींचे मोल १५० इजिप्शियन दिनार असे ठरून गेले होते. त्यात घासाघीस नव्हती. घेणाऱ्याला ठाऊक असे की अक्षर सुवाच्य आहे, आकृती अचूक आहेत आणि नक्कल करणाऱ्याला विषय स्वतः समजलेला आहे. देणाऱ्याला ठाऊक असे की या रकमेत आपले वर्ष निभावते. अधिकाची हाव त्यांनी धरली नाही आणि आपल्या कष्टाचे मोलही कमी होऊ दिले नाही.

दुसरी हकीकत बैहकी यांनी लिहून ठेवली आहे. सिमनानचा एक अमीर त्यांच्याकडे शिकावयास आला. इब्नुल हैसम यांनी दरमहा १०० दिनारांची मागणी केली. अमिराने ती मान्य केली आणि तो तीन वर्षे शिकत राहिला. निरोपाच्या वेळी इब्नुल हैसम यांनी सर्व रक्कम जशीच्या तशी परत केली. विद्येची ओढ खरी आहे की केवळ हौस आहे, हे त्यांना पारखावयाचे होते. भलाई शिकविण्याबद्दल मोबदला, लाच वा भेट घेणे त्यांना रुचत नव्हते. हाताच्या कष्टाचे दाम त्यांनी घेतले आणि धनवानाकडून घेतलेली फी परत केली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्हींत हिशेब चोख आहे.

हा हिशेब मनात ठेवून आमच्या मुलांच्या दुर्बिणीकडे पाहा. त्या मुलाची बहीण आणि मी कागद घेऊन बसलो. दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या भिंगाचे, म्हणजे वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर होते. ज्यास डोळा लावतात त्या भिंगाला नेत्रिका म्हणतात. बाजारात त्यास सर्रास आयपीस म्हटले जाते. पहिल्या अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसेल, ते निघते. खोक्यातील ४ मिलिमीटरची नेत्रिका १७५ पट देते. सोबतच्या तिप्पट करणाऱ्या नळीने ते ५२५ होते. म्हणजे आकडा गणिताने खोटा नव्हता. परंतु भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपर्यंतच मोठेपणा उपयोगी पडतो, असा आकाशनिरीक्षकांचा ठोकताळा आहे. या दुर्बिणीचा व्यास ६० मिलिमीटर, म्हणजे मर्यादा १२० पट. त्यापुढे केवळ अंधूकपणा मोठा होतो. विक्रेत्याने खरा आकडा छापून खोटी आशा विकली होती.

मग चांगली नेत्रिका किती महाग असते? येथेही माहिती घेतल्यावर मन निवळले. खोक्यातील स्वस्त नेत्रिका दोन साध्या भिंगांच्या होत्या. ही रचना सतराव्या-अठराव्या शतकातील आहे. १८६० मध्ये व्हिएन्नाचे सायमन प्लॉस्ल यांनी भिंगांच्या दोन जोड्या समोरासमोर ठेवून चार भिंगांची नेत्रिका बनविली. रंगांच्या कडा त्यात कमी दिसतात आणि दृश्य सुमारे ५० अंश रुंद असते. ही रचना आज कोणाच्याही मालकीची नाही. अनेक कारखाने ती बनवितात, म्हणून ती परवडते. याउलट सहा-आठ भिंगांच्या, ८० अंशांहून रुंद दृश्याच्या नेत्रिकांना वेगवेगळ्या जातींची काच, प्रत्येक पृष्ठावर अनेक थरांचा लेप आणि काटेकोर जुळणी लागते. त्यांची किंमत संपूर्ण दुर्बिणीहून कित्येक पट होते. ती किंमत अन्यायाची असतेच असे नाही, कारण त्यामागे कष्ट आहेत. मात्र शिकणाऱ्या मुलास त्यांची गरज नसते.

दुर्बिणीची नळी सव्वा इंची होती, म्हणून प्रचलित मापाची नेत्रिका तिच्यात बसू शकत होती. मुलांनी दोन हजारांच्या आत २५ मिलिमीटरची एक प्लॉस्ल नेत्रिका आणली. मोठेपणा अवघा २८ पट. पण पहिल्याच रात्री संपूर्ण चंद्र चौकटीत मावला आणि भोवती मोकळे आकाशही उरले. खळग्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसत होत्या. मग गुरू ग्रहाचे चार चंद्र एका रेषेत दिसले. थरथर जवळपास नाहीशी झाली होती. बारीक चंद्रकोर शोधण्यासाठीही असेच रुंद आणि कमी पटीचे दृश्य उपयोगी पडते, कारण आधी जागा सापडावी लागते. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण त्या दिशेला वळवू नये. एका क्षणात दृष्टी कायमची जाऊ शकते. चंद्रदर्शनात दुर्बिणीची साक्ष कितपत ग्राह्य, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निर्णय आपापल्या जाणकारांकडे सोपवावा.

आपल्याच महाराष्ट्रात एकेकाळी दुर्बीण ही संस्थानिकांच्या दानाची बाब होती. १८८८ च्या सुमारास पुण्यात भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीने बनविलेली २० इंची दुर्बीण तेथे होती आणि प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिचे काम पाहत. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. आज राजापेठच्या चार मुलांच्या ईदीतून चंद्राचे खळगे दिसू शकतात. ही केवढी मोठी नेमत आहे! परंतु ती पोहोचते, ती विक्रेता खरे बोलला तरच.

प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतील ओल बोटांना लागली, हा प्रसंग आपणास ठाऊक आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, ही त्यांची विचारणा होती. विकणाऱ्याने उणीव झाकू नये, हा धर्माचा दंडक धान्याला लागू आहे, तसाच भिंगालाही लागू आहे. आणि वाचकहो, तो मिंबरलाही लागू आहे. आपल्या पूर्वजांचा गौरव वाढवून सांगणे म्हणजेही ओल्या राशीवर कोरडे धान्य पसरणेच होय. खोक्यावरील आकड्याने मुलांचे साडेचार हजार गेले. माझ्या वाक्याने त्यांचा विश्वास जात होता, आणि तो बाजारात मिळत नाही.

पुढच्या जुम्याला मी बयानात माझी चूक सांगितली. इब्नुल हैसम यांनी दुर्बीण बनविली नव्हती, हे स्पष्ट केले आणि खलिफासमोर दिलेल्या त्यांच्या कबुलीची हकीकत सांगितली. वडीलधाऱ्यांपैकी एकांना हे रुचले नाही. इमामाने असे जाहीर बोलल्याने लोकांचा आदर उणावतो, असे त्यांचे मत पडले. मी त्यांना एवढेच सांगितले की, ज्यांना खलिफाची तलवार समोर असताना कबुली देता आली, त्यांचे नाव घेऊन मला राजापेठच्या जमातीसमोर गप्प बसता येणार नाही. ते काही बोलले नाहीत. मात्र त्या रात्री गच्चीवर येऊन त्यांनीही नेत्रिकेला डोळा लावला.

इब्नुल हैसम (रह.) यांचा मृत्यू हिजरी ४३२ नंतर, म्हणजे १०४० च्या सुमारास, कैरोमध्ये झाला. त्यांच्या नव्वदहून अधिक ग्रंथांची नावे चरित्रकारांनी दिली आहेत. चंद्रावरील एका विवराला त्यांचे अल्हाझेन हे नाव देण्यात आले आहे. ते चंद्राच्या पूर्वेकडील कडेशी, संकटांचा समुद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळसर पट्ट्याजवळ आहे. चांगल्या रात्री लहान दुर्बिणीतूनही त्याची जागा शोधता येते. आमची मुले सध्या त्याच्याच शोधात आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना पाहिले तेवढेच सांगण्याची, घेतले त्याचे रास्त दाम देण्याची आणि चूक कळताच ती कबूल करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.